सहाण कोणाची? गावाच्या सामाईक जागेची मालकी, सोप्या भाषेत

शिमग्यात पालखी देवळातून निघते, होळीपाशी येते आणि सहाणेवर बसते. रत्नागिरीकडे सहाण म्हणतात, खाली सिंधुदुर्गात मांड. चार-सहा गुंठ्यांची मोकळी जागा, मधे दगडी चौथरा, कडेला एखादा जुना आंबा. एरवी तिथे गुरं बसलेली असतात. फाल्गुन उजाडला की मुंबईच्या गाड्या भरून येतात, ढोल घुमतो, पालखी नाचते, आणि तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत कोणालाही विचारा, ही जागा कोणाची? उत्तर एकच येईल : गावाची.

उत्तर खरं आहे. पण सातबाऱ्यावर ते तसं लिहिलेलं असतंच असं नाही, आणि आजवर त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. आता अडायला लागलंय. एकीकडे कोकणातल्या जमिनी विकल्या जाताहेत, समुद्र दिसणारा कातळसुद्धा गिऱ्हाईक शोधतो आहे. दुसरीकडे केंद्र सरकारची स्वामित्व योजना आहे. २४ एप्रिल २०२० ला ती सुरू झाली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करायची आणि प्रत्येक मिळकतीची पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तयार करायची, असं तिचं काम. पत्रिका म्हटली की त्यावर मालकाचं नाव आलं. घराचं ठीक आहे. चावडीचं काय? समाजमंदिराचं, पाणवठ्याचं, सहाणेचं काय?

त्यात कोकणाची स्वतःची अडचण आहे. देशावर गाव एका गावठाणात दाटीने वसतं, आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या. घरं, देवळं, सहाणी पुष्कळदा गावठाणाबाहेर, साध्या शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात. तिथे ड्रोन आला काय नि गेला काय, शेवटी सातबाराच पाहावा लागतो.

आधी गावकीची भांडी

मालकी म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायला कायद्याचं पुस्तक नको. वाडीतल्या गावकीच्या भांड्यांकडे पाहिलं तरी पुरे. बहुतेक वाड्यांत ती असतात : मोठे टोप, पराती, बादल्या, दोन-चार कढया. लग्न, बारसं, तेरावं, सत्यनारायण, ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जातो. नेताना मोजून नेतो, आणताना मोजून देतो. हरवलं तर भरून देतो. कोणाच्या पडवीत ती ठेवायची हे बैठकीत ठरतं.

यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. वापरणारा एक, सांभाळणारा दुसरा, आणि टोपावर कोरलेलं नाव तिसरं. ज्याच्या पडवीत टोप आहे त्याचा तो होत नाही, कारण काठावर वाडीचं नाव कोरलेलं आहे. उद्या त्याच्या मुलाने भंगारवाल्याला द्यायचं म्हटलं तर ते नावच आडवं येतं.

जमिनीवर नाव कोरता येत नाही, म्हणून कागद. सहाण वापरतं गाव, सांभाळतात मानकरी किंवा गुरव, आणि कागदावर नाव असतं भलत्याचंच. तीन पिढ्या कोणी पाहिलं नाही, कारण तिघांचं एकमेकांशी बरं होतं.

सातबाऱ्यावर काय सापडतं

सातबारा म्हणजे गावच्या दोन नमुन्यांचा जोड. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या हक्काने, ते; नमुना बारामध्ये पीकपाणी. वरच्या नावाला भोगवटादार म्हणतात. खाली 'इतर अधिकार' नावाचा रकाना असतो. बाजूला फेरफाराचे क्रमांक असतात. नाव बदललं की प्रत्येक वेळी एक फेरफार पडतो, म्हणून त्या क्रमांकांच्या मागे मागे गेलं की जागेचा इतिहास हाती लागतो. खोती गावांत, म्हणजे जिथे सारा वसूल करणारे खोत होते तिथे, त्याही मागे जायचं तर बोटखत, म्हणजे खोतीच्या काळातली जमिनीची नोंद, पाहावं लागतं.

सामाईक जागेचा उतारा काढला की साधारण चार प्रकार निघतात.

पहिला, एखाद्या घराण्याचं नाव. पणजोबांनी "होळी माझ्या जागेत लावा" म्हटलं आणि गावाने लावली. पणजोबा गेले, वारस लागले, आज त्या उताऱ्यावर पस्तीस नावं. त्यातली निम्मी माणसं गावाला कधी आलेली नाहीत. त्यांतल्या एकाने आपला अविभक्त हिस्सा विकायचं ठरवलं तर त्याला त्यात काही गैर वाटत नाही. त्याच्या लेखी ती आजोबांची पडीक जमीन. खोतांच्या नावाचीही गोष्ट अशीच. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण काही जागांच्या कागदांवरून जुनी नावं सहजी गेली नाहीत.

दुसरा, देवाचं नाव. कायदा देवतेला मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानतो. तिच्या वतीने कारभार पाहणारा असतो तो व्यवस्थापक, मालक नव्हे. सिंधुदुर्गातल्या अनेक देवस्थानांचा कारभार तर कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या कक्षेत येतो, आणि हे खुद्द गावातल्या कित्येकांना ठाऊक नसतं.

तिसरा, सरकार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० नुसार जी जमीन दुसऱ्या कोणाची नाही ती राज्याची. रस्ते, नदी-नाले, खाडीचा तळ, भरतीरेषेखालचा किनारा, सगळं त्यात आलं. गुरचरणही सरकारचीच, फक्त गावच्या गुरांसाठी राखलेली. अनेक देवरायांच्या उताऱ्यावरही असंच नाव दिसतं.

चौथा प्रकार ग्रामपंचायतीचा. समाजमंदिरं, विहिरी, व्यायामशाळा यांच्या बाबतीत तो जास्त दिसतो.

या चारांत वाडीचं स्वतःचं नाव कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल.

'गाव' नावाचा माणूस कायद्याला दिसत नाही

देवळात गाऱ्हाणं घालताना सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. आचऱ्याला गावपळण होते तेव्हा रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर तीन दिवस तीन रात्री राहतो. गाव हे एक शरीर आहे, याचा यापेक्षा मोठा दाखला मी तरी पाहिलेला नाही. पण तेच गाव बँकेत गेलं आणि म्हणालं, आमच्या नावाने खातं उघडा, तर बँक विचारील, नोंदणी कुठाय?

जमिनीचंही तेच. नावावर करून घ्यायला कायद्याला दिसणारी व्यक्ती लागते. माणूस, कंपनी, सहकारी संस्था, नोंदणीकृत न्यास, ग्रामपंचायत या सगळ्या दिसतात. 'समस्त ग्रामस्थ' दिसत नाहीत.

हे न दिसणं किती महाग पडतं त्याचं उदाहरण सावंतवाडी तालुक्यात आहे. आंबोली, चौकुळ, गेळे ही कबुलायतदार गावकरांची गावं. संस्थानच्या काळात गावकरांनी गावाच्या वतीने सारा भरायची कबुलायत दिली आणि जमीन गावाने सामाईक कसली. पुढे महसुली नोंदीत 'महाराष्ट्र शासन' लागलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तिथे हातातून सहाणेपुरती जागा गेली नव्हती, गावंच्या गावं गेली होती.

गोव्यात उलट घडलं. तिथल्या गावकरी संस्थांचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच लिहून काढले. कोमुनिदाद म्हणून त्या कागदावर आल्या, आणि त्यांचं वेगळं अस्तित्व कायदा आजही मानतो. त्यांच्यात भांडणं आहेत, जमिनी गेल्याही आहेत. पण दाद मागायला जाणारी एक ओळखता येणारी संस्था तिथे उभी आहे.

"पण आम्ही शंभर वर्षं वापरतोय"

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. वहिवाटीला कायद्यात किंमत आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ सांगतो की दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्यासारखा हक्क उघडपणे, हक्क म्हणून, सलग वीस वर्षं बजावला तर तो पक्का होतो. सरकारी जागेवर तीस वर्षं. गावरिवाजातून येणारा हक्कही तो कायदा ओळखतो. म्हणजे पालखीची वाट एखाद्याने तार ठोकून बंद केली तर गावाला कोर्टात उभं राहता येतं.

मात्र तो हक्क वापराचा. टोप न्यायचा हक्क आणि टोपाची मालकी यांत जो फरक, तोच इथे. वाट मिळाली म्हणून आजूबाजूची जागा विकण्यापासून मालकाला रोखता येत नाही. नवा मालक पालखीपुरती वाट ठेवील आणि बाकीच्या जागेत बंगला बांधील.

वहिवाट उलटीही फिरते, ते तर आपण विसरूनच जातो. खासगी किंवा संस्थेच्या जागेवर कोणी उघडपणे, विरोध न होता बारा वर्षं कब्जा धरून बसला की तो मालकीचा दावा सांगू शकतो. सहाणेच्या कडेला कोणी चार हात कुंपण सरकवलं आणि "जाऊ दे, आपलाच आहे" म्हणून गाव गप्प राहिलं, तर तेही एक प्रकारचं "व्हय म्हाराजा"च. घड्याळ तेव्हापासून चालू होतं.

सातबाऱ्याचंही एक सांगायला हवं. उताऱ्यावर नाव आहे म्हणजे तोच अंतिम मालक, असं कायदा म्हणत नाही. उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची, इतकंच म्हणतो. म्हणून चुकीची नोंद दुरुस्त होऊ शकते. मात्र सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, आणि ते सांगू शकणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होतात.

महाडचं तळं : गावात कोण मोडतं?

सामाईक मालकीचा आपल्या किनारपट्टीवरचा सगळ्यांत मोठा सोहळा शिमग्यातला नाही. तो २० मार्चला महाडला होतो. त्या दिवशी हजारो माणसं चवदार तळ्यावर येतात, पाण्याला हात लावतात, कोणी ओंजळभर पितात.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला. तरी तळ्यावर जायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी ते पाणी घेतलं. मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. त्यांचा दावा असा की तळं सार्वजनिक नाहीच, आणि वहिवाट आमची. खटला दहा वर्षं चालला. तळं नगरपालिकेचं ठरलं, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इतरांना अडवण्याचा तो पुरातन रिवाज सिद्ध होत नाही असा निकाल दिला.

आपल्या विषयातलं जवळपास सगळं या एका खटल्यात आहे : मालकी कोणाची, वहिवाट कोणाची, कागद काय म्हणतो. आणि या सगळ्यांच्या आधीचा प्रश्नही आहे. 'गावाचं' म्हणताना गावात कोणाला मोजायचं?

म्हणून कोणी "गावकीची जागा गावकीच्या नावावर करू" म्हणालं की मी आधी विचारते, गावकी म्हणजे कोण? फक्त मानकरी? फक्त बारा-पाच म्हणवणारी जुनी घरं? बौद्धवाडी, कातकरीवाडी धरली का? लग्न होऊन गावात आलेल्या बायका धरल्या का? पालखीचा मान कोणाचा यावर आजही वाद होतात, कधी पोलीस बंदोबस्तही लागतो. जागेचा कागद करताना हे वाद दडपून पुढे गेलं तर तोच कागद एका गटाच्या हातातलं कुलूप होईल. ग्रामसभेचा एक फायदा इथे आहे : मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई, प्रत्येक पुरुष तिचा सभासद. न्यास केला तर सभासदत्वाचा नियम आपणच लिहायचा असतो, आणि तो लिहितानाच या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

मुंबईतली गावकीची खोली

जमिनीइतकीच ही बाब इमारतींची आहे, आणि कोकणी माणसाची इमारत अर्धी मुंबईत असते. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळ-गिरगावात गावागावांनी चाळीत एक-एक खोली घेतली. पाळीने कामावर जाणारी वीस-पंचवीस माणसं तिथे राहत. भिंतीकडेला ट्रंका, वर वळकट्या, एका कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. दरमहा ठरलेली वर्गणी. गावाहून नोकरीच्या शोधात आलेल्या पोराला पहिला आसरा तिथे. गोव्याच्या लोकांच्या कुडी याच धर्तीच्या.

खोली गावाची, भाडेपावती मात्र एकाच्या नावावर, कारण चाळमालकालाही 'गाव' दिसत नव्हतं. पावतीवरचा माणूस भला होता म्हणून पन्नास वर्षं निभावलं. आता पुनर्विकासात तिथे टॉवर येतो, आणि पात्र भाडेकरू कोण हे पाहताना पावतीवरचं नाव पाहिलं जातं. त्याच्या नातवाला ती आजोबांची खोली वाटते, गावाला आपली. दोघंही खोटं बोलत नाहीत. वर्गणीच्या जुन्या वह्या, बैठकीची इतिवृत्तं, वीजबिलं कोणी जपली असतील तर मंडळाला काही बोलता येतं. नसतील तर खोली जाते.

"सगळ्यांची ती कोणाचीच नाही"

असं म्हणणाऱ्यांनी एकदा खारभूमीचे बांध पाहावेत. पेण-अलिबागकडे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून शेतकऱ्यांनी मिळून बांध घातले आणि मिळून राखले. भरतीच्या रात्री बांधाला खांड पडली की ज्याचं शेत त्याने एकट्याने धावायचं अशी रीत नव्हती, सगळ्यांनी जायचं. पुढे हे काम सरकारी खात्याकडे गेल्यावर बांधांची आबाळ झाल्याच्या तक्रारी त्याच गावांनी केल्या. देवरायांचंही तसंच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचं रान तुटलं तिथेही देवराईतलं उभं होतं, ते काही कुंपणामुळे नव्हे, नियम आणि धाक यांच्यामुळे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते हीच गोष्ट जगभरची उदाहरणं घेऊन दाखवल्याबद्दल : वापरणाऱ्यांनी मिळून नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवलं, मोडणाऱ्याला आधी लहान आणि मग मोठा दंड केला, तर सामाईक गोष्टी टिकतात. आपल्या भांड्यांच्या वहीत हे सगळं आहे.

"न्यास केला की सरकार घुसतं"

ही भीती मी सर्वांत जास्त ऐकते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास नोंदला की जागा न्यासाचीच राहते, धर्मादाय आयुक्त मालक होत नाहीत. ते देखरेख करतात. हिशेब द्यावा लागतो, विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. कटकट आहे, खरं आहे. पण त्याच कायद्याचं कलम ३६ आपल्या उपयोगाचं आहे. धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या मंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, बदलता, बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. म्हणजे उद्या विश्वस्तांचीच मती फिरली तरी सहाण एका सहीने जात नाही.

जागा देणारं घराणं राजी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं लागतं. तोंडी "दिली" पुरत नाही. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्या संस्थेच्या नावे करण्याआधी महसूल खात्याची परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार पुढे अडतो, तेव्हा घाई नको.

एग बेटावरची माणसं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत एग नावाचं बेट आहे. माणसं शंभरही नव्हती. बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जायचं आणि राहणाऱ्यांना कोणी विचारत नसे. त्यांनी देणग्या गोळा केल्या, सुमारे पंधरा लाख पौंड जमवले आणि १२ जून १९९७ ला बेट स्वतःच्या न्यासाच्या नावावर करून घेतलं. पुढे पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीज उभारली. दर जूनला ते तो दिवस नाचगाण्याने साजरा करतात. २००३ मध्ये तिथे कायदाच झाला : गावाने आधी नोंद करून ठेवली असेल तर जमीन विकायला निघाल्यावर ती घ्यायचा पहिला हक्क गावाचा. आता गावोगावच्या अशा जागा लोकांना दाखवायचा सामुदायिक जमीन सप्ताहही तिथे भरतो.

आपल्याकडे तसा हक्क नाही. पण एगच्या लोकांना जे विकत घ्यावं लागलं ते आपल्या गावांच्या हातात आधीपासून आहे. त्यांनी कागद केला आणि मग नाचले. आपण पिढ्यान्‌पिढ्या नाचतोय.

आणि ते नाचणं कोर्टातही उपयोगी पडतं. कोणत्या वर्षी पालखी कुठून कुठे गेली, कोणी अडवली नाही, कोणी जागा झाडली, वर्गणी कोणाकोणाची आली, हे लिहिलेलं असेल तर तो वहिवाटीचा पुरावा. तारखेसह फोटो असतील तर आणखी चांगलं.

आमच्या वाडीत यंदा शिमग्यानंतरच्या बैठकीत भांड्यांची वही निघाली. टोप, पराती मोजून झाल्यावर मागची पानं कोरी होती. तिथे आम्ही सामाईक जागा लिहायला घेतल्या : सहाण, विहीर, स्मशान, देवळाची पाखाडी (पायऱ्यांची वाट), समाजमंदिर. पुढे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, उताऱ्यावरचं नाव, फेरफार. मुंबईच्या मंडळाने खोलीची पावती पाठवायचं कबूल केलं आहे. पाच नोंदींपैकी तीन भरल्या. सहाणेपुढचा रकाना अजून रिकामा आहे. तिच्या उताऱ्यावरच्या एकोणीस नावांपैकी अकरा जणांचे फोन नंबर मिळालेत.